टॉड्री या इंग्रजी शब्दास अनावृत पत्र

प्रिय टॉड्री,

भडक, दिखाऊ, हलक्या प्रतीचा असे तुझे अर्थ शब्दकोशात असतात. ते चुकीचे नाहीत. पण तुझी ओळख तिथेच संपावी, हे मला पटत नाही. तुझ्यात एका राणीचं नाव दडलं आहे.

एथेलथ्रिथ ही पूर्व इंग्लंडच्या अ‍ॅना राजाची मुलगी. नॉर्थम्ब्रियाचं राणीपद सोडून ती संन्यासिनी झाली आणि ६७३च्या सुमारास तिने इली इथे मठ स्थापला. तिथे ती केवळ लोकरीची वस्त्रं नेसत असे, असं इतिहासकार बीड सांगतो. ६७९मध्ये तिच्या जबड्याखाली गाठ आली. किनेफ्रिथ या वैद्याने चिरा देऊन ती फोडली. दोन दिवस जरा आराम पडला. तिसऱ्या दिवशी कळा पुन्हा उसळल्या आणि ती गेली. मुलगी असताना या गळ्यात हारांचं ओझं मिरवलं, म्हणून हे दुखणं गळ्यालाच आलं, असं ती म्हणे.

पुढे लोकांच्या तोंडी तिचं नाव ऑड्री झालं. ऑक्टोबरात इलीला तिच्या नावाची जत्रा भरू लागली. तिथे गळ्यात बांधायच्या रेशमी फिती विकल्या जात. त्या ‘सेंट ऑड्री’च्या फिती. भराभर बोलताना ‘सेंट’मधला ‘ट’ पुढच्या नावाला चिकटला आणि तू जन्मलास. शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये मोप्सा ही मेंढपाळ मुलगी कबूल केलेली टॉड्री लेस हौसेने मागते, तेव्हा तुला कुणी नाक मुरडत नव्हतं. नंतर माल उतरला, चकचकाट तेवढा राहिला आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तुझा आजचा अर्थ रूढ झाला.

जिने दागिन्यांचा पश्चात्ताप केला, तिचंच नाव स्वस्त नटव्या वस्तूंना पडावं, हा अन्याय आहे. पण तो तुझा नव्हे. माल हलका केला तो विकणाऱ्यांनी, बोल लागला नावाला. उलट, १५४१मध्ये इलीतली तिची समाधी उद्ध्वस्त झाली, तरी तिचं नाव रोजच्या बोलण्यात टिकलं ते तुझ्यामुळे.

म्हणून कोशकारांना आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे: तुझा अर्थ सांगताना ही हकिगतही सांगा. मुलांना एक शब्द कळेल आणि त्याबरोबर एक माणूसही.

तुझा,
एक वाचक