आईच्या नावाची वेळ

ओव्हल मैदानाच्या कडेला उभं राहून मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, हा घड्याळाचा मनोरा, पाहायचा, तर मान चांगलीच मागे टाकावी लागते. उंची 280 फूट. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी त्याचा आराखडा इंग्लंडात बसून केला. ते मुंबईत कधी आलेच नाहीत. 1869 साली पायाभरणी झाली आणि 1878 साली काम पुरं झालं.

मला मात्र स्कॉटपेक्षा प्रेमचंद रायचंद जवळचे वाटतात. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मूळचे सुरतचे हे शेअर दलाल बघता बघता कुबेर झाले. टॉवरसाठी त्यांनी 2 लाख रुपये दिले आणि नाव दिलं आईचं. 1865 मध्ये बाजार कोसळला, त्यात प्रेमचंदांची दौलतही वाहून गेली. तेव्हा पाया खणायलाही सुरुवात झाली नव्हती, तरी आईच्या नावाचा मनोरा उभा राहिलाच.

राजाबाईंची दृष्टी गेली होती, जैन धर्माप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवता यावं म्हणून त्यांना टोल्यांचा आधार, अशी दंतकथा सांगतात. मला त्या दानाचं मोल अधिक मोठं वाटतं. खिशात घड्याळ बाळगणं त्या काळी साहेबांचं आणि शेटजींचं काम. हमाल, कारकून, परीक्षेला धावणारा विद्यार्थी, यांनी वेळ कोणाला विचारायची? प्रेमचंदांनी त्यांच्यासाठी जणू वेळेची पाणपोईच घातली.

खालून निरखलं की खांबांच्या माथ्यावर दगडी माणसं दिसतात. पश्चिम भारतातल्या निरनिराळ्या जातीजमातींचे हे 24 पुतळे. ऊन तिरपं झालं की पगड्यांच्या घड्या उठून दिसतात. स्कॉटच्या गॉथिक शैलीत ही आपली माणसं पाहून मी दरवेळी सुखावतो.

या घड्याळावर वेळ कोणाची, यावरून मात्र शहर पेटलं होतं. 1881 मध्ये सरकारनं मुंबईवर मद्रासची वेळ लादू पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि विद्यापीठाच्या सिनेटनंही टॉवरवर मुंबईचीच वेळ हवी असं ठरवलं. 1906 मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी शहरातली कितीतरी घड्याळं पुढे वर्षानुवर्षं तिच्या 39 मिनिटं मागेच चालत राहिली. त्या हट्टाचं मला मनापासून कौतुक वाटतं. मुंबईचा सूर्य डोक्यावर आला की मुंबईत बारा वाजावेत, एवढंच तर त्यांचं म्हणणं होतं.