पाठीवरचे ओझे, कमरेचा आधार

घरातील ज्येष्ठ व्यक्तीने ‘यंदा पायी जायचे आहे’ असा मनोदय बोलून दाखविला की घरात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. त्यांना चालवेल का? आणि त्यांच्यासोबत कोण जाणार? तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दोघांचे सामान कोण वाहणार, आणि ते कशातून? वाचकहो, हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे. कारण सोबत जाणाऱ्याचीच पाठ किंवा मान धरली, तर वाटेत एक नव्हे, दोन माणसे अडकून पडतात.

भूम तालुक्यातील आमचे ईट हे गाव बालाघाटाच्या पठारावर वसलेले आहे. आषाढी जवळ आली की पैठणहून निघालेली नाथमहाराजांची पालखी खर्डा, दांडेगाव, अनाळे असे मुक्काम करीत परंड्याकडे व तेथून पुढे पंढरपूरकडे जाते. खर्डा आम्हांला जवळचे. आश्विनी पौर्णिमेला तुळजापूरची वाट चालणारेही आमच्या जिल्ह्याला नवे नाहीत. पायी चालणे हे आमच्याकडे व्यायामाचे नव्हे, श्रद्धेचे काम. म्हणूनच वय झाले तरी ते सुटत नाही, आणि सुटावे असे घरच्यांनाही मनापासून वाटत नाही.

माझे थोरले बंधू, आमचे अण्णा, शहात्तर वर्षांचे आहेत. गुडघे कुरकुरतात, रक्तदाबाची गोळी रोजची. गेल्या वर्षी त्यांनी पायी जाण्याचा विषय काढला, तेव्हा आम्ही आधी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितले, ‘पूर्ण वारी नको. खर्डा ते परंडा एवढी तीन मुक्कामांची वाट सावकाश, थांबत थांबत चाला. पाठीवर जड काही घेऊ नका.’ परंड्याहून पुढे एसटीने जायचे ठरले. पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटीचा प्रवास २०२२ पासून विनामूल्य आहे, हेही अण्णांनीच मला ऐकविले.

दिंडीच्या ट्रकमध्ये वळकट्या आणि मोठे गाठोडे जाते, हे खरे. पण दिवसभरात लागणारे सामान अंगावरच असावे लागते. मी यादी केली आणि एकेक वस्तू किराणा दुकानातील काट्यावर ठेवली. दोघांचे पाणी तीन किलो, चटई व चादर दीड किलो, कपड्यांचे दोन जोड दोन किलो, मेणकापडे अर्धा किलो, अण्णांना टेकायला घडीचे स्टूल एक किलो, औषधे व रक्तदाबाचे यंत्र अर्धा किलो. बेरीज साडेआठ किलो झाली. आपणही हे अवश्य करावे. सामानाचे वजन अंदाजाने धरले की ते नेहमी कमीच वाटते.

आता हे साडेआठ किलो वाहायचे कसे? आपल्या पूर्वजांनी यावर काही कमी विचार केलेला नाही. डोक्यावर चुंबळ ठेवून घागर वाहणारी बाई मान ताठ ठेवून चालते, कारण तेथे ओझे थेट कण्याच्या रेषेत येते. केनियातील स्त्रियांवरील एक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या भागाइतके ओझे डोक्यावर असतानाही त्यांच्या शरीराला जादा ऊर्जा खर्चावी लागत नव्हती, असे त्यात आढळले. अर्थात ती लहानपणापासूनची सवय. उतारवयात मानेच्या मणक्यांवर असा प्रयोग करू नये. कावडीत दोन्ही बाजू तोलून धरतात. जुन्या वारकऱ्यांची पडशी खांद्यावर टाकली की निम्मे ओझे पुढे आणि निम्मे मागे लोंबते. आणि कापूस वेचणाऱ्या बाया ओटी बांधतात ती कमरेला, कारण दिवसभराचे वजन खांद्यापेक्षा कमर अधिक सोसते. कण्याची रेषा, दोन्ही बाजूंचा तोल आणि कमरेचा आधार, ही तीन सूत्रे चांगल्या सॅकमध्ये एकत्र आलेली असतात.

एका खांद्यावरची शबनम पिशवी सोयीची खरी, पण तिच्यात दोन-तीन किलो वजन आले की शरीर दुसऱ्या बाजूला झुकते. ज्येष्ठांच्या बाबतीत हा झुकाव पडण्याला आमंत्रण ठरू शकतो. दोन पट्ट्यांची साधी सॅक त्याहून बरी, तरी तिचे सगळे वजन खांद्यांवरच लटकते. मग माणूस पुढे वाकून चालतो, मान ताणली जाते, आणि पट्ट्यांचा दाब खांद्याजवळच्या नसांवर पडून हाताला मुंग्या येऊ लागतात. अशी बधिरता आली तर ‘थोडे चालल्यावर जाईल’ असे म्हणू नये. ओझे तत्काळ उतरवावे.

कमरेवर भार घेण्याची कल्पना पाठीवरच्या सॅकमध्ये रुजविणाऱ्यांपैकी अमेरिकेतील केल्टी दांपत्याचे नाव प्रसिद्ध आहे. १९५२ मध्ये त्यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या पाठपिशव्या घरीच बनवून विकायला आरंभ केला. डोंगरात फिरताना फ्रेमची खालची टोके पँटच्या मागच्या खिशांत अडकविली असता खांदे हलके होतात, असे डिक केल्टी यांच्या ध्यानात आले होते. आजचा रुंद, मऊ कमरपट्टा हा त्याच विचाराचा पुढचा टप्पा आहे.

बाजारात मला तीन प्रकार दिसले. पहिला भक्कम, जाड कापडाचा. रिकामी सॅकच अडीच किलोंची! साडेआठ किलोंसाठी अडीच किलोंचे भांडे घेणे मला परवडणारे नव्हते. दुसरा प्रकार अगदी हलका, सहा-सातशे ग्रॅमचा. हातात घेताच मोह पडावा असा. पण त्यात फ्रेम नव्हती. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. कमरपट्टा असला म्हणजे वजन कमरेवर येते, असे नाही. खांद्याकडचा भार कमरेपर्यंत पोहोचविण्याचे काम फ्रेम करते. फ्रेम नसेल तर जड सामानाने सॅक मध्येच दुमडते, खाली बसते आणि सारा भार पुन्हा खांद्यांवर जातो. म्हणून साध्या सॅकला शिंप्याकडून नुसता पट्टा शिवून घेतल्याने फारसे साधत नाही. फ्रेम नसलेली सॅक सात-आठ किलोंपर्यंत ठीक, त्यापुढे ती त्रास देऊ लागते.

तिसरा प्रकार मधला, आणि मी तोच निवडला. वजन बाराशे ग्रॅम. कापड पातळ पण चिवट नायलॉनचे, पाठीच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमची एक बारीक दांडी आणि ताठ पत्रा, कमरपट्टा रुंद व भरलेला, अनावश्यक कप्पे व साखळ्या नाहीत. साडेआठ किलो सामान आणि ही सॅक मिळून पावणेदहा किलोंच्या आतच राहिले. माझे वजन अडुसष्ट किलो, म्हणजे ओझे त्याच्या सातव्या भागाइतके. दिवसभराच्या चालण्यात ओझे शरीराच्या वजनाच्या दहाव्या भागाइतके आणि मुक्कामाच्या प्रवासात पाचव्या भागापर्यंत असावे, असा पदभ्रमण करणाऱ्यांचा सर्वसाधारण नियम आहे. साठी ओलांडलेल्यांनी या मर्यादेच्या बरेच अलीकडे थांबावे, हे उत्तम.

सॅक निवडताना उंचीपेक्षा पाठीची लांबी महत्त्वाची. मान पुढे झुकविली की तिच्या तळाशी एक मणका वर आलेला हाताला लागतो. तेथून, दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवले असता अंगठे मागे ज्या रेषेत येतात, तेथपर्यंत शिंप्याच्या टेपने मोजावे. माझे माप सेहेचाळीस सेंटिमीटर भरले. वयानुसार पाठीला बाक येतो, उंची घटते. त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचे माप धरू नये. स्त्रियांसाठी वेगळ्या वळणाच्या खांदापट्ट्या व कमरपट्टे मिळतात. घरातील सुनेने किंवा लेकीने सामान वाहायचे असेल, तर सॅक तिच्याच मापाची घ्यावी.

दुकानात सॅकमध्ये कागद कोंबलेले असतात आणि त्यामुळे प्रत्येक सॅक सुखाची वाटते. मी घरून मोजलेल्या ज्वारीच्या दोन पिशव्या नेल्या होत्या. दुकानदार प्रथम हसला, मग त्यानेच ज्वारी नीट भरून दिली. सर्व पट्ट्या सैल करून सॅक चढवावी. पहिल्याने कमरपट्टा आवळावा. तो पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे. मग खांद्याच्या पट्ट्या अंगाला लागतील इतक्याच ओढाव्यात, नंतर खांद्यावरच्या लहान वरच्या पट्ट्या, आणि शेवटी छातीवरची. आता खांद्याच्या पट्ट्या क्षणभर सैल करून पाहाव्यात. सॅक कमरेवर टिकून राहिली तर माप जुळले, घसरली तर ती आपली नव्हे. मी वीस मिनिटे चाललो, दोन जिने चढलो-उतरलो, आणि मगच पैसे दिले.

सामान भरण्यालाही क्रम आहे. चटईची घडी पाठीच्या बाजूला सरळ उभी ठेवली की फ्रेमला बळ मिळते आणि टोचणाऱ्या वस्तू पाठीला लागत नाहीत. कपडे तळाशी. जड वस्तू पाठीला चिकटून, मध्यभागी. पाणी दोन्ही बाजूंच्या खिशांत समसमान, आणि पितानाही आलटून पालटून. औषधे सर्वांत वर. पावसासाठी सॅकच्या आतच मोठी प्लॅस्टिकची पिशवी घालून तिच्यात सामान भरले की पातळ कापडाची चिंता उरत नाही.

एवढी तयारी झाल्यावर खरा पेच उभा राहिला तो अण्णांचा. सॅक दाखविली तेव्हा ते म्हणाले, “आणि मी काय रिकाम्या हातानं चालू? आपलं ओझं आपण वाहावं, ही आपली रीत आहे.” मी म्हणालो, “अण्णा, डॉक्टर काय म्हणाले ते ठाऊक आहे ना तुम्हांला?” त्यावर ते गप्प झाले, पण त्यांचा चेहरा मला बरा वाटला नाही. काळजी घेणाऱ्या प्रत्येकाला हा क्षण परिचित असेल. आपण ओझे काढून घेतो, आणि त्यासोबत नकळत माणसाचे काही मानाचेही काढून घेतो.

आम्ही मार्ग काढला. कमरेला बांधायच्या छोट्या पिशवीत त्यांचे टाळ, हरिपाठाची लहान पोथी, पाण्याची छोटी बाटली, दुपारची गोळी आणि एक चिठ्ठी ठेवली. सगळे मिळून दीड किलोच्या आत. चिठ्ठीवर नाव, माझा फोन क्रमांक, चालू औषधे आणि डॉक्टरांचा क्रमांक लिहिला. गर्दीत चुकामूक झाली तर औषधे आणि ओळख दोन्ही त्यांच्याजवळ असायला हवी होती, म्हणून ती पिशवी केवळ मन राखण्यासाठी नव्हती. तीन दिवस ती त्यांनी एकदाही माझ्या हाती दिली नाही. मुक्कामी पोहोचल्यावर माझे पाय दुखले, खांदे मात्र दुखले नाहीत. आणि अण्णा टाळ वाजवीत परंड्यात पोहोचले.

आपणही अशा वाटेला निघणार असाल, तर काही सूचना ध्यानी ठेवाव्यात. भरलेली सॅक जमिनीवरून वाकून, झटक्याने उचलू नये. हाडे ठिसूळ झालेल्यांचा मणका अशा एका झटक्यानेही पिचू शकतो. ती ओट्यावर किंवा पारावर ठेवावी, तिच्याकडे पाठ करून बसावे, पट्ट्या चढवाव्यात आणि सावकाश उभे राहावे. हर्निया असेल, पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा छातीत पेसमेकर बसविलेला असेल, तर कोणताही पट्टा बांधण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. नवी सॅक निघायच्या दिवशी प्रथमच पाठीवर घेऊ नये. महिना-दीड महिना आधी निम्म्या वजनाने सायंकाळी फिरायला आरंभ करावा आणि दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. छातीत दुखले, धाप लागली किंवा हाताला बधिरता आली, तर थांबावे.

वाट लांब असो वा केवळ गावातून दवाखान्यापर्यंतची, काळजी घेणाऱ्याच्या पाठीवर काही ना काही ओझे असणारच. ते नाकारता येत नाही, पण कोठे पेलायचे हे ठरविता येते. यंदाच्या आषाढीला अजून अवकाश असेल, तर आजच टेप काढून घरातील सोबत्याची पाठ मोजून ठेवावी. आणि सामानाची यादी करताना त्यातील एखादी हलकी, जिव्हाळ्याची वस्तू ज्येष्ठांच्या हाती राहील, एवढे पाहावे.