जे खाल्लं त्याचा रंग

अमावास्या जवळ आली की तुळिंजच्या खोलीत मी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडते. पश्चिमेला कळंब-राजोडीचा किनारा आहे, पण तिथे बहुतेक वाळूच. कवच नसलेल्या समुद्री गोगलगाई बघायच्या तर विरार लोकलने हाजी अलीचे खडक गाठायचे. लोकांना किनाऱ्यावरचे जीव दाखवणाऱ्या मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या मंडळींमुळे 2017 पासून असल्या भटकंतीला वेडेपणा म्हणणारे जरा कमी झालेत.

सध्या डोक्यात फॅव्होरिनस आहे. या वंशातल्या गोगलगाई दुसऱ्या समुद्री गोगलगाईंनी घातलेली अंडी खातात. जेमतेम सेंटिमीटरभर जीव, पण फितीसारख्या गुंडाळलेल्या अंडीपुंजावर तो सापडला म्हणजे निम्मी ओळख पटली. उरलेली निम्मी मात्र छळते. पाठीवरच्या बोटांसारख्या उपांगांत पचनग्रंथीच्या शाखा शिरलेल्या असतात आणि कातडी जवळजवळ पारदर्शक. गुलाबी अंडी खाल्ली की उपांगं गुलाबी, पिवळी खाल्ली की पिवळी! म्हणून नुसता रंग बघून नाव देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. डोक्यावरच्या वास घेणाऱ्या शिंगांवरचे फुगवटे बघावेत. तेवढ्यानं भागलं नाही तर सूक्ष्मदर्शकाखाली दात.

याच वंशातल्या फॅव्होरिनस जॅपोनिकसचं वर्णन जपानी प्राणिशास्त्रज्ञ किकुतारो बाबा यांनी 1949 साली केलं. त्याच वर्षीचा त्यांचा मोठा ग्रंथ जपानच्या सम्राटानं सागामी उपसागरातून गोळा केलेल्या नमुन्यांवर आहे. सम्राटाला लोकल पकडायची नव्हती, हे खरं. यंदा आधी अंड्यांच्या फितीच शोधायच्या. खाणारा असला तर तिथेच असेल.