फणस आमचा, शिक्का सरकारचा

निसर्ग वादळाला इतकी वर्षं झाली, पण त्या फणसाचा विषय निघाला की अजून माझं डोकं फिरतं.

३ जून २०२० ला दापोलीच्या किनारपट्टीवर काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आम्ही सोडून, कारण आमच्याकडे वीजच नव्हती. सुपारीची बाग आडवी, पडवीवरचे सिमेंटचे पत्रे शेजारच्या परड्यात, माजघरावरची कौलं फुटलेली. आजेसासऱ्यांच्या वेळचं आढं आणि ऐनाचे खांब मात्र जागचे हलले नाहीत. पडवी नव्याने उभी करायची होती आणि विहिरीजवळचा फणस मुळासकट पडलेला होता. म्हणजे लाकूड दारातच.

मेस्त्रींनी बुंध्यावर वाकस मारून पाहिला. आतला गाभा हळदीसारखा पिवळा. म्हणाले, "वैनी, ह्याच्यात तुळई, खांब, वासे समदं निघंल. बाजारातनं काय आणू नका."

लाकूड कापायच्या गिरणीवाल्याने मात्र हात वर केले. कागद आणा, मग बोला. कचेरीत गेले तर कळलं की १९६४ च्या झाडतोडीच्या कायद्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, किंजळ सगळे आहेत. तोडायला परवानगी, न्यायला पास. मी म्हटलं, "अहो, आम्ही तोडला नाही, वाऱ्याने पाडलाय." समोरचा म्हणतो, "ते पंचनाम्यात यायला हवं." पंचनामा करणारे साहेब घरांच्या पंचनाम्यात अडकलेले. शिवाय सातबाऱ्यावरच्या सगळ्या हिस्सेदारांची संमती हवी. उताऱ्यावर आमच्या चुलत सासऱ्यांचंही नाव, ते वारून जमाना झाला. बाकीचे मुंबईत, टाळेबंदीत कोंडलेले. मी फोनवर एकेकाला समजावत होते आणि इकडे पाऊस बुंध्यावर कोसळत होता. सालीखालचं पांढरं लाकूड भुंग्याने पोखरलं गेलं. त्याच दिवसांत रस्त्यावरून जळाऊ लाकडाचे ट्रक भरभरून जाताना मी पाहत होते. त्यांना कोणी अडवलेलं मला तरी दिसलं नाही.

पंचनामा झाला तेव्हा पाऊस सरत आला होता. गिरणीपर्यंत न्यायचा पास आणखी लांब, म्हणून मेस्त्रींनी परड्यातच माची बांधली. ओंडका वर, मोठी करवत घेऊन एक माणूस वर, एक खाली. दिवसभर नुसती खर्र-खर्र. कापलेल्या टोकांना शेण फासून लाकूड सावलीत रचलं, म्हणजे तडे जात नाहीत. ते वाळेपर्यंत पडवीवर ताडपत्री.

मग जोडकाम. तुळईच्या टोकाला कुसू, खांबाच्या डोक्याला त्याच मापाचं भोक. मेस्त्री कुसू घालून पाहायचे, काढायचे, पटाशीने कागदाएवढी ढलपी उडवायचे, पुन्हा घालायचे. शेवटी आरपार लाकडाची खुंटी. मी खिळ्यांचं विचारलं तर म्हणाले, "खारा वारा खिळा खातो, खुंटी नाय खात."

आता खरं सांगायचं तर तो झाडतोडीचा कायदा नसता तर आमच्या डोंगरावर जे काही उभं आहे तेही जळणात गेलं असतं. आमच्या जुन्या खांबांच्या जाडीचा ऐन आता मेस्त्रींनाही सहज सापडत नाही. कधीकधी वाटतं, नियम आणखी कडक हवेत. मग पोखरलेला फणस आठवतो आणि पुन्हा संताप येतो. दोन्ही खरं आहे, मी काय करू?

मजुरी धरली तर लोखंडी पाइप स्वस्त पडला असता. शेजाऱ्यांनी तेच केलं. त्यांचा पाइप गंजायला लागलाय, हे मी त्यांना बोलून दाखवत नाही. पण घर लाकडाचं करायचं म्हणून सल्ला मागायला कोणी आलं तर मी आधी लाकडाबद्दल बोलतच नाही. आधी सातबारा नीट करून घ्या म्हणते, मेलेल्यांची नावं काढा, वारस लावा. आमचा अजून झालेला नाही.