लाल रेघेची साक्ष

ग्लासभर गाळलेल्या पाण्यात मीठ विरघळवून अंधारात लेझर पॉइंटर आडवा धरला, तर पलीकडच्या भिंतीवर ठिपका पडतो, पण पाण्यात जवळपास काहीच दिसत नाही. (बाजारातल्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेली पूड असते, ती पुसट चमकते.) त्यात दुधाचा एक थेंब टाकला की या काठापासून त्या काठापर्यंत लाल रेघ उमटते. दुधातले स्निग्धांशाचे गोळे आणि केसिनचे कण प्रकाश विखुरतात, त्यातला थोडा बाजूने बघणाऱ्याच्या डोळ्यांत येतो. मायकेल फॅरेडेने सोन्याच्या कलिलात, म्हणजे सोन्याचे बारीक कण तरंगणाऱ्या द्रवात, हे 1857 सालीच दाखवलं होतं. या परिणामाला नाव मात्र नंतर अभ्यास करणाऱ्या जॉन टिंडलचं मिळालं.

ही रेघ दाखवून ‘कोलॉइडल सिल्व्हर’, म्हणजे औषध म्हणून विकलं जाणारं चांदीच्या बारीक कणांचं पाणी, खरं असल्याचं सांगितलं जातं, तिथे माझा आक्षेप आहे. द्रवात कण आहेत एवढंच रेघ सांगते. ते चांदीचे की दुधाचे, हे तिला ठाऊक नसतं. उलट चांदीचे विरघळलेले आयन रेघ उमटवत नाहीत. बरं, रेघ ठळक म्हणून माल जास्त, असंही नाही. अगदी बारीक कणांच्या बाबतीत व्यास दुप्पट झाला की एकेक कण 64 पट प्रकाश विखुरतो, म्हणजे वजन तेवढंच असलं तरी उजेड आठपट. चार जाड गुठळ्याही झकास रेघ काढतील. पॉइंटर बदलला तरी उत्तर बदलतं: असे कण 650 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा 405 चा जांभळा सहापटींहून जास्त विखुरतात. आणि टॉनिक वॉटरमधलं क्विनाइन तर जांभळ्या किरणात कण नसतानाही निळं उजळतं.

यावर कोणी म्हणेल, पाण्याचा गढूळपणा मोजणारं यंत्रही काटकोनात विखुरलेला प्रकाशच मोजतं, आणि पिण्याच्या पाण्यासाठी 1 एनटीयूची (एनटीयू हे गढूळपणाचं एकक) भारतीय मर्यादा त्याच मापात आहे. खरं आहे. पण तिथे दिवा, कोन, नळी ठरलेली असते आणि फॉर्मॅझिनच्या प्रमाणित द्रवाशी ताडून आकडा लावलेला असतो. तरीही कण कशाचे, हे ते यंत्रसुद्धा सांगत नाही. म्हणून पॉइंटर फेकून द्यावा असं मी म्हणणार नाही. तुरटी फिरवण्याआधी आणि गाळ बसल्यावर, त्याच ग्लासात, त्याच पॉइंटरने पाहिलं तर फरक छान कळतो. अर्थात फ्लोराइड आणि आर्सेनिक विरघळलेलेच असतात. रेघ नाही म्हणून ते पाणी पिण्याजोगं ठरत नाही. चांदीच्या बाबतीत तर रेघ खरी निघाली तरी औषधाचा दावा सिद्ध होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1999 सालीच अशा चांदीची विनाचिठ्ठी औषधं सुरक्षित व गुणकारी मानता येत नाहीत असा नियम केला, आणि ती दीर्घकाळ पिणाऱ्यांची त्वचा निळसर राखाडी होते, ती बहुधा कायमची.