बेनिशान

आमची थोरली बहीण परभणीस दिली आहे. तिच्या लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात, १९८३ साली, आमच्या वडिलांनी तिच्या घरी आंब्यांची एक करंडी धाडली, आणि तेव्हापासून अक्षय्य तृतीयेच्या आधी हैदराबादेहून परभणीस आंबे जाण्याचा परिपाठ पडला. वडील निवर्तल्यावर तो आमच्याकडे आला. ताई त्या दिवशी सासरच्या पितरांना नैवेद्य दाखविते आणि शेजारीच अण्णांच्या नावाने आमरसाची एक लहानशी वाटी ठेविते. तो रस हैदराबादच्या आंब्याचा असावा, एवढाच तिचा आग्रह असतो. तीन वर्षांपूर्वी त्या वाटीपुरता रस निघणेही कठीण होऊन बसले, आणि त्यास सर्वस्वी आम्हीच कारण झालो. फळांच्या प्रवासाविषयी चार शब्द लिहावेसे वाटले ते यामुळे.

आपल्या शहरात आंबा म्हटला की बेनिशान. आंध्रातील बनगानपल्ली हे त्याचे मूळ गाव. २०१७ साली त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु हैदराबादकरांच्या तोंडी त्याचे नाव बेनिशान हेच राहिले. बेनिशान म्हणजे ज्याच्या अंगावर खूण नाही असा. पातळ, नितळ, डागविरहित सालीमुळे हे नाव पडले असे सांगतात. झाडावर ते नाव त्यास शोभतेही. मात्र फळ झाडावरून उतरले की खुणा उमटविणारे अनेक हात त्याची वाट पाहत असतात.

१९८३ची ती करंडी आम्हांस अजून डोळ्यांसमोर दिसते. घाऊक फळबाजार त्या काळी शहराच्या मध्यभागी, मोअज्जमजाही मार्केट आणि जांबाग या परिसरात भरे. १९३५ साली बांधलेली ती घडीव दगडाची इमारत आणि तिचा घड्याळाचा मनोरा सुलतान बाजारातल्या मराठी घरांपासून पायी जाण्याच्या अंतरावर होता. अण्णांबरोबर आम्ही पहाटे गेलो. करंड्या बांधणारा एक वृद्ध गृहस्थ तेथे बसलेला असे. त्याने पिवळे फळ एकही घेतले नाही. हिरवी, टणक, बोटाच्या पेराएवढा देठ राखलेली फळे त्याने निवडली. करंडीच्या तळाशी पेंढा, मग फळांचा एक थर, पुन्हा पेंढा, असे करीत त्याने करंडी काठोकाठ भरली. वर किंतान घालून दाभणाने सुतळीचे टाके घातले. आम्ही घाईने करंडी उचलून खाली टेकविली तशी तो म्हणाला, "आम कू पटको नक्को, बेटा. आज मारे तो कल रोता." दखनी बोलीतला हा 'नक्को' आपल्याच मराठीतला, याचे तेव्हा आम्हांस मोठे कौतुक वाटले, वाक्याचा अर्थ मात्र डोक्यावरून गेला.

काचीगुड्याहून त्या वेळी मीटरगेजची गाडी निजामाबाद, नांदेड करीत परभणीस जाई. डब्याच्या टोकाशी, चाकांच्या वर करंडी ठेवू नये, मधोमध ठेवावी, असेही त्या वृद्धाने बजावले होते. अण्णांनी ते तंतोतंत पाळले. परभणीस करंडी उघडली तेव्हा आंबे हिरवेच होते. ताईच्या सासूबाईंनी ते पेंढ्याच्या आढीत घातले, आणि पाच-सहा दिवसांत सारे घर दरवळून गेले.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेच्या परीक्षांची गडबड होती. आम्ही घराजवळच्या एका गाड्यावरून दोन डझन बेनिशान घेतले. पिवळेधमक, बोट लावताच दबणारे. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून पुठ्ठ्याच्या एका जुन्या खोक्यात कोंबले, फटी राहू नयेत म्हणून चारही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळली, आणि रात्रीच्या बसने पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी सुटी होती, हे ध्यानातच आले नाही. खोके परभणीस एक दिवस तसेच पडून राहिले. तृतीयेच्या संध्याकाळी ताईचा दूरध्वनी आला. "आंबे पोचले रे. गोड होते," एवढेच ती म्हणाली. पुढे महिन्याभराने भाचा कामानिमित्त हैदराबादेस आला, त्याच्याकडून खरे कळले. "मामा, चोवीसांतले तीन निघाले. एकाचा आजोबांच्या वाटीपुरता रस झाला. आईने तुम्हांला सांगू नको म्हटलं होतं."

तो दिवस आम्हांस जड गेला. आयुष्यभर मुलांच्या वह्यांवर 'निष्काळजीपणा' असा शेरा मारणाऱ्यास कोणी तोच शेरा परत करावा, तसे झाले. पुढल्या चैत्रात आम्ही ठरविले, या वेळी आधी शिकावयाचे आणि मग पाठवावयाचे. आमचा एक जुना विद्यार्थी फळांच्या आडतीत आहे. त्यास विचारले तेव्हा तो म्हणाला, "सर, पहाटे चारला तयार राहा. बाटासिंगारमला जाऊ."

या फळबाजाराचे स्थलांतर हाही हैदराबादच्या इतिहासाचा एक लहान अध्याय आहे. शहराच्या मध्यातून तो १९८०च्या दशकात कोत्तापेटच्या गड्डीअन्नारम येथे गेला. करोनाच्या काळात, २०२० साली, तो तात्पुरता कोहेडा येथे हलविला असता मे महिन्यातील वादळी वाऱ्याने पत्र्यांची छपरे कोसळली आणि माणसे जखमी झाली. पुढे कोत्तापेटची जागा मोठ्या सरकारी रुग्णालयासाठी घेण्यात आली आणि २०२१-२२मध्ये बाजार विजयवाडा रस्त्यावर बाटासिंगारमला आला. हयातनगर मागे टाकून आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा तांबडे फुटत होते.

दिव्यांच्या उजेडात मालमोटारींची रांग लागली होती. कोठे नळगोंड्याकडील मोसंबी, कोठे सोलापूरचे डाळिंब, कोठे नागपूरचा संत्रा. आणि सर्वांवर ताण करणारा आंब्याचा वास. पेंढ्याच्या करंड्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या आहेत. त्यांच्या जागी प्लॅस्टिकचे जाळीदार क्रेट आले आहेत. त्यांत साधारण वीस किलो फळ मावते. क्रेटला फायदा असा की एकावर एक रचले तरी वरचा भार त्याच्या भिंती पेलतात, फळास तो सोसावा लागत नाही. पण ते क्रेट उतरविताना एका तरुण हमालाने हातभर उंचीवरून सोडून दिले, आणि आमच्या विद्यार्थ्याने त्यास थांबविले. "सर, आता या आंब्यावर तुम्हांला काही दिसणार नाही. चार दिवसांनी पिकेल तेव्हा तिथे काळा डाग येईल. गिऱ्हाईक म्हणेल आंबाच खराब. टाकणारा कोण होता, ते कोणाला कळत नाही." चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या वृद्धाचे वाक्य आम्हांस तेव्हा उमगले.

दिवसभर त्याच्या आडतीत बसून आणि नंतर काही पुस्तके चाळून जे समजले त्याचे सार असे. तोडलेले फळ मृत नसते. ते प्राणवायू घेते, कर्बवायू सोडते आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण करते. तापमान दहा अंशांनी चढले की या श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. म्हणजे कोंडलेल्या खोक्यात फळ स्वतःच्याच उष्णतेने लवकर म्हातारे होते. आमच्या चिकटपट्टीने नेमके हेच केले होते. चांगल्या खोक्यास म्हणून भोके हवीत. ती फार मोठी असली तर पुठ्ठा कमजोर होतो, यास्तव बाजूच्या क्षेत्रफळाच्या सुमारे पाच टक्के पुरतात. खोक्याचे बळ त्याच्या कोपऱ्यांत असते. रचताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे.

फळास होणाऱ्या इजाही तीन जातींच्या. पडल्याने होणारा आघात, वरच्या भाराने होणारा दाब आणि प्रवासभर चालणारे घर्षण. खोके फाजील भरले तर दाब, अर्धवट भरले तर घर्षण. मालमोटारीत मागच्या चाकांवरची जागा आणि वरचे थर यांना हादरे सर्वांत अधिक बसतात. रेल्वेच्या डब्यात मधोमध करंडी ठेवावयास सांगणाऱ्या त्या वृद्धाने हे शास्त्र कोठल्याही ग्रंथात वाचलेले नव्हते.

आंब्याच्या बाबतीत काळजी झाडाखालीच सुरू होते. फळ ओढून तोडले तर देठातून चीक उडतो आणि सालीस भाजल्यासारखे चट्टे पडतात. त्यासाठी देठ राखून तोडावे आणि नंतर देठ खाली करून चीक निथळू द्यावा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच कामासाठी 'नूतन झेला' तयार केला. त्याच्या पात्याने देठ कापला जातो आणि फळ जाळीत अलगद उतरते. करप्याचा रोग झाडावरच फळात दबा धरून बसतो आणि पिकताना डोके वर काढतो. ५२ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात पाच ते दहा मिनिटे फळ बुडविल्यास त्यास आळा बसतो.

थंडीविषयी आमचा समज असा होता की जितकी जास्त तितकी बरी. तोही चुकीचा ठरला. द्राक्षास शून्य अंशाच्या जवळची थंडी मानवते. आंब्यास बारा-तेरा अंशांखाली नेले तर त्याची साल करपट होते आणि तो नीट पिकतच नाही. आणखी एक भेद आहे. आंबा, केळे, सीताफळ ही तोडल्यावर पिकतात, म्हणून ती कच्ची धाडता येतात. द्राक्ष, मोसंबी, डाळिंब ही तोडल्यावर पिकत नाहीत. झाडावर जी गोडी आली तीच अखेरची. एके काळी याच हैदराबादच्या भोवती अनाब-ए-शाही द्राक्षांचे मळे होते. त्या नाजूक मण्यांना दूरच्या बाजारी नेणे किती जिकिरीचे असेल, याची आता कल्पना येते.

या साऱ्याचे मोल थोडे नाही. लुधियानाच्या केंद्रीय संस्थेने २०१५ साली केलेल्या पाहणीत काढणीपासून पुढे आंब्याची नासाडी नऊ टक्क्यांवर आणि पेरूची जवळजवळ सोळा टक्के आढळली. शंभर पेरूंमागे सोळा! ज्या शेतकऱ्याने वर्षभर पाणी घातले त्याच्या हिशेबातून ते वजा होतात. आणि नासाडीची भीती असली की माणूस आडवाटेने जातो. फळ कोवळेच तोडतो आणि बाजारी आल्यावर कॅल्शियम कार्बाइडने पिवळे करतो. त्यातून निघणाऱ्या वायूत आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात, म्हणून कायद्याने त्यास मनाई आहे. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांत ती नोंदलेली आहे. त्याऐवजी इथिलीन वायू, दशलक्ष भागांत शंभर भागांपर्यंत, वापरण्यास परवानगी आहे. हा वायू फळ स्वतःही सोडते. एक आंबा पिकू लागला की शेजाऱ्यांना पिकवितो. आमच्या आढीचे रहस्य तेच, आणि खोक्यातील एका अतिपिकल्या फळाने सगळ्यांना ओढून नेण्याचे कारणही तेच.

त्या वर्षी आम्ही बाजारातूनच दोन डझन हिरवे, भरलेले, देठासकट बेनिशान घेतले. भोकांचे खोके, तळाशी पेंढा, प्रत्येक फळाभोवती मऊ जाळी, दोनच थर, आणि हलविले तरी आवाज येऊ नये इतपत भरणी. सुटीचा दिवस पाहून, तृतीयेच्या आठ दिवस आधी, रात्रीच्या गाडीने आम्ही स्वतःच ते परभणीस नेले. बाकाखाली, डब्याच्या मधोमध.

ताईने खोके उघडले. एकेक आंबा हातात घेऊन फिरवून पाहिला. "हिरवेच आणलेस," ती म्हणाली, आणि कोठीतून पेंढा आणावयास गेली. आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो. तृतीयेस दूरध्वनी आला तेव्हा गोडीचा विषयच तिने काढला नाही. "दोनांना डाग होते. बावीस बेनिशान निघाले," एवढा हिशेब तिने दिला. मागील वर्षीच्या गोष्टीचा उल्लेख तिनेही केला नाही, आम्हीही केला नाही.

जूनमध्ये भाचा पुन्हा आला तेव्हा त्याच्या हाती तेच खोके होते. ताईने त्यात आमच्यासाठी उन्हाळ्यातील गव्हाच्या कुरडया भरून पाठविल्या होत्या. तळाशी आमचाच पेंढा, मध्ये जुन्या धुवट धोतराच्या घड्या, आणि हलविले तरी आवाज नाही. आम्ही मोजून पाहिल्या. एकही कुरडई मोडलेली नव्हती. जी विद्या शिकावयास आम्ही पहाटे चार वाजता बाटासिंगारमला गेलो होतो, ती आमच्या घरात होतीच. आम्ही तिला कधी विचारले नव्हते.