सीटच्या चामड्याला तेल नको

गाडीची लेदर सीट निस्तेज दिसू लागली की घरात पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. खोबरेल, एरंडेल, नाहीतर बूटपॉलिश. सीट दुरुस्तीचं काम मी करतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या पुष्कळशा सीटा झिजेपेक्षा या लाडानेच जास्त बिघडलेल्या असतात. घरच्या घरी सीट सुधारायची इच्छा चांगलीच आहे आणि ते जमण्यासारखंही आहे. फक्त तेल लांब ठेवा.

कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. त्यावर लेप नसतो, म्हणून ते तेल पितं आणि मऊ पडतं. गाडीच्या सीटचं चामडं बहुतेक वेळा क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. त्यावर रंगाचा थर असतो आणि त्याच्याही वर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर. दोन्ही मिळून मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ, पण तेल अडवायला पुरेसे. मग ते तेल वरच राहतं, धूळ धरतं, उन्हात खवट होतं. जिथे थर तडकलाय तिथून आत मुरलं, तर पुढे त्या जागी रंग धरत नाही. बूटपॉलिश तर पांढऱ्या कपड्यांवरच उतरतं. आपला हात लागतो तो चामड्याला नव्हे, या वरच्या थराला, आणि झिजतो तोही आधी हाच थर.

खात्री करून घ्यायची तर न दिसणाऱ्या जागी पाण्याचा थेंब टाका. तो तसाच उभा राहिला तर वर लेप आहे. लगेच जिरून गडद डाग पडला तर चामडं उघडं आहे: एकतर लेप झिजून गेलाय, किंवा मुळातच नव्हता. मुळातच लेप नसलेलं चामडं महागड्या गाड्यांत क्वचित दिसतं, आणि ते घरी रंगवायला जाऊ नये.

रंग उडालाय असं वाटणाऱ्या सीटांचा रंग पुष्कळदा शाबूत असतो, वर मळ असतो. घाम, अंगाचं तेल, सनस्क्रीन, आणि फिकट सीट असेल तर जीन्सची निळाई. मळ धरतो तो मुख्यतः चामड्याच्या दाण्यामधल्या बारीक खाचांत, त्यामुळे नुसत्या ओल्या फडक्याने तो निघत नाही. लेदरसाठीचा सौम्य क्लीनर घ्या, स्पंजने त्याचा फेस करा, मऊ ब्रशने गोल गोल फिरवा आणि फेस सुकायच्या आत मायक्रोफायबर कापडाने टिपून घ्या. अख्खी सीट नव्हे, तळहाताएवढी जागा एका वेळी. वर आलेला फेस उकळलेल्या चहासारखा तपकिरी दिसतो, आणि पुसल्यावर खालून मूळ रंग डोकावतो. तेवढ्यावरच काम संपलं तर थांबा. भांडी घासायचा साबण आणि खायचा सोडा मात्र नको. कमावलेलं चामडं आम्लधर्मी असतं, अल्कली त्याला मानवत नाही.

खरी झीज बघायची तर ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची फुगीर कड पाहा. चढता-उतरताना प्रत्येक वेळी सगळं वजन तिथून घसरतं. तिथे बारीक भेगा आणि फिकट चट्टे दिसले की रंगाची वेळ आली. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने जुनं पॉलिश, सिलिकॉन काढून टाका. मग ८०० किंवा १००० नंबरचा वॉटर पेपर अगदी हलक्या हाताने. भेगा खोल असतील तर लवचिक लेदर फिलर पातळ लावा. भिंतीची किंवा पत्र्याची पुट्टी सीट दाबली की तडकते.

रंग जुळवणं हे या कामातलं सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात चिवट अंग. उदाहरणार्थ, बेज म्हणजे पांढऱ्यात पिवळी माती, कणभर काळा, आणि लालाचा नुसता स्पर्श. काळ्याचा एक थेंब जास्त झाला की सगळं मिश्रण मातकट होतं, म्हणून तो टूथपिकच्या टोकाने घालावा. पाण्यावर आधारलेला रंग ओला असताना फिकट दिसतो, सुकला की गडद होतो. त्यामुळे ठिपका लावा, हेअर ड्रायरने सुकवा, मगच ठरवा. तेही दिवसाच्या उजेडात; ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग अंगणात वेगळाच निघतो. नमुना शेजारच्या धुतलेल्या भागाचा घ्या, कारण सीटखालचा ऊन न लागलेला रंग आता उरलेल्या सीटशी जुळत नाही.

रंग स्पंजने टिपत लावा, जवळजवळ कोरड्या स्पंजने. पहिला हात बघून निराश व्हायचं नाही, तो ठिगळासारखाच दिसतो. पातळ थर चढत गेले की दाणा दिसत राहतो. जाड लावलं की सीट प्लॅस्टिकची वाटते. शेवटी मॅट टॉपकोट, आणि किमान एक दिवस कोणी बसायचं नाही. भर पावसाळ्यात हे काम काढू नका, थर नीट सुकत नाहीत.

आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत लेदर म्हणून विकलं जातं ते रेक्झिनच असतं. त्यातलं पीयूचं, म्हणजे पॉलियुरेथेनचं, दमट उष्ण हवेत कुजतं आणि त्याचे पापुद्रे सुटतात. मुंबई-कोकणात हे लवकर होतं. त्यावर रंग मारून पैसे घालवू नका, कुशनवाल्याकडून तो तुकडा बदलून घ्या.

सीटच्या पाठीच्या कडेची शिवण उसवली असेल तर मात्र कुशनवाल्याकडेही घाईने जाऊ नका. तिथे एअरबॅग असू शकते, आणि ती फुगताना शिवण ठरल्या जागी फाटावी म्हणून दोराही मोजूनमापून वापरलेला असतो. साध्या मजबूत दोऱ्याने शिवलं तर एअरबॅग अडकू शकते. त्या जागी एअरबॅगचं छोटं लेबल असतं. ते दिसलं, तर त्या शिवणीचं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या.